शाळेत मुलाला त्रास दिला जातोय: तक्रार नेमकी कशी मांडायची?

टिपणवही

शाळेतल्या छळाचा विषय निघाला की चर्चा हमखास "मुलाला खंबीर बनवा" या वळणावर जाते. ते इथे नको. मुलाला त्रास होतोय हे पालकांना कळलंय, आता शाळेपुढे ते कसं मांडायचं, एवढ्यापुरताच हा धागा.

तक्रार फसते ती बहुतेक वेळा एकाच जागी. पालक निष्कर्ष घेऊन जातात, घटना घेऊन जात नाहीत. "माझ्या मुलीला वर्गात सगळे छळतात, काहीतरी करा" या वाक्यावर वर्गशिक्षकांना इच्छा असूनही काही करता येत नाही. "सोमवारी आणि बुधवारी, तिसऱ्या तासानंतर, प्रयोगशाळेकडे जाताना जिन्यात दोघीजणी तिचं दप्तर ओढून खाली टाकतात" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्या वेळी जिन्यात कोणीतरी उभं राहू शकतं.

दुसरी अडचण मागणीची. "त्या मुलाला काढून टाका" म्हटलं की चौकशी, समोरच्या पालकांचं म्हणणं, पुरावा असं सगळं चक्र सुरू होतं आणि तोवर तुमच्या मुलाच्या दिवसात काडीचाही फरक पडत नाही. शिक्षा मागूच नये असं नाही. पण पहिली मागणी "उद्यापासून काय बदलणार" ही हवी.

भांडण आणि छळ यांतला फरकही तक्रारीत दिसायला हवा. नॉर्वेमधल्या बर्गन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांचे तीन निकष आजही शाळांच्या धोरणांत सापडतात: त्रास मुद्दाम दिलेला असणं, तो पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असणं. ताकद म्हणजे नुसतं अंगातलं बळ नव्हे. वय, संख्या, वर्गातलं वजन, बोलण्यातली सफाई, एखादं गुपित हातात असणं, हे सगळं त्यात आलं. तक्रारीत हे तिन्ही उमटले नाहीत तर "मुलं आहेत, भांडणारच" हे उत्तर तयारच असतं.

नोंदी कशा ठेवायच्या, पत्र कसं लिहायचं, बैठकीत काय विचारायचं, दाद लागली नाही तर पुढे कुठे जायचं, यावर जाणकारांनी भर घालावी.

निंबोणी

चांगला धागा. नोंदीच्या आधीच्या पायरीबद्दल लिहिते, कारण तिथेच बरंच बिघडतं.

"तुला कोणी त्रास देतं का?" या प्रश्नाला मोठी मुलं "नाही" म्हणतात आणि लहान मुलं तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवतात. जागेबद्दल आणि वेळेबद्दल विचारा. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस? बसमध्ये कुठली जागा नको वाटते? कुठल्या तासाला शिक्षक यायला उशीर होतो, तेव्हा वर्गात काय चालतं? मग गप्प बसा. मधली शांतता मुलाला भरू द्या.

उत्तर तोंडात घालू नका. "अमक्याने मारलं ना?" असं चार वेळा विचारलं की लहान मूल हो म्हणतं, आणि पुढे शाळेने वेगळं विचारल्यावर वेगळं सांगतं. मग मूल खोटं ठरतं. एकदा शांतपणे ऐकावं, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, घरातल्या प्रत्येकाने नव्याने उलटतपासणी घेऊ नये.

"मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी "तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही, पण तुला इजा होण्यासारखं असेल तर मला सांगावंच लागेल" हे खरं आहे आणि पुरतं. मूल "शाळेत सांगू नको" म्हणतं तेव्हा त्याला सूड उगवला जाण्याची भीती असते, आणि ती अनाठायी नसते. म्हणून निर्णयातला काही भाग त्याच्या हातात द्या: कोणत्या शिक्षकांशी आधी बोलायचं, बैठकीला त्याने यायचं की नाही, वर्गात त्याचं नाव न घेता सुरुवात करायची का.

टिपणवही

@निंबोणी, "चार वेळा विचारलं" हा मुद्दा महत्त्वाचा. आता नोंदवहीकडे वळू.

साधी वही चालते, फोनमधली टिपणंही चालतात. घटना कळली त्याच दिवशी लिहायचं. पाहिलेलं, मुलाने सांगितलेलं आणि तुमचा अंदाज या तीन गोष्टी मिसळायच्या नाहीत. नमुन्यादाखल:

"मंगळवार, ९ तारीख. मधली सुट्टी. पहिल्या मजल्यावरचं मुलांचं स्वच्छतागृह. दोघांनी दार बाहेरून धरून ठेवलं, घंटा होईपर्यंत. बाहेर आणखी तिघे हसत होते. त्याचे शब्द: 'रोज एवढंच करतात.' शिक्षकांना सांगितलं नाही, कारण 'चुगलखोर म्हणतील'. घरी आल्याआल्या स्वच्छतागृहात धावला. पाण्याची बाटली भरलेली, झाकणही उघडलेलं नाही."

शेवटची दोन वाक्यं बघा. "मुलगा खूप घाबरलाय" यापेक्षा न उघडलेली बाटली शाळेला जास्त सांगते. दिवसभर लघवी रोखायला लागू नये म्हणून तो पाणीच पीत नाही, हे कोणालाही समजतं.

अशा चार-पाच नोंदी झाल्या की जागा आणि वेळ आपोआप वर येते. बहुतेक त्रास मोठ्यांची नजर नसते तिथेच होतो: स्वच्छतागृह, जिना, बसची मागची बाकं, कपडे बदलायची खोली, दोन तासांमधली पाच मिनिटं, सुटल्यानंतरचं फाटक.

एक सूचना: नोंदी जमवायच्या नादात महिना घालवू नका. दोन-तीन स्पष्ट घटना पहिल्या मेलला पुरतात. बाकीच्या नंतर जोडता येतात.

वडाचीसावली

नोंदींचं ठीक, पण पुराव्याचं काय? शाळा थेट म्हणते, "तुमचा मुलगा म्हणतो म्हणून आम्ही कसं मानायचं?"

कलमबहाद्दर

शाळेत तक्रार करायला न्यायालयात टिकेल असा पुरावा लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. चौकशी करणं हे शाळेचं काम आहे. तुमचं काम तिला चौकशीची दिशा देणं. तरी हाताशी असलेलं नीट जपावं.

अंगावर मार असेल तर दोन फोटो: एक लांबून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण वळ आणि काळं-निळं कधीकधी उशिरा उमटतं. रंगावरून मार किती दिवसांचा हे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे फोटोची तारीख महत्त्वाची. डॉक्टरांकडे नेलंत तर "शाळेत ढकललं" हे मुलाला स्वतः सांगू द्या आणि ते कागदावर लिहून घ्या. नुसतं "पायाला खरचटलं" लिहिलेला कागद पुढे उपयोगाचा नसतो.

फोनवरचा त्रास असेल तर ब्लॉक करण्याआधी जतन करा. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचं खातं दिसलं पाहिजे, नुसतं दर्शनी नाव नको, ते क्षणात बदलता येतं. तारीख-वेळ दिसली पाहिजे. आधीचे-नंतरचे दोन-चार संदेशही घ्या, नाहीतर "तुमच्यानेच सुरुवात केली" असं म्हणायला वाव राहतो. पोस्टची लिंक वेगळी उतरवून ठेवा. काही ॲप स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळवतात. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा.

एक अपवाद, आणि तो कडक आहे. अल्पवयीन मुलाचं नग्न किंवा लैंगिक छायाचित्र फिरत असेल तर ते जतन करू नका, कोणालाही पुढे पाठवू नका, "पुरावा म्हणून" शाळेलाही नाही. अनेक देशांत ते नुसतं बाळगणं किंवा पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याचं नाव, वेळ, कोणत्या गटात आलं हे लिहून ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा. चित्र हटवायला "टेक इट डाउन" ही मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन या संस्थेची असली तरी इतर देशांतूनही वापरता येते. त्यात चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना दिला जातो. मूळ चित्र किंवा चित्रफीत फोनमध्ये असली तरच ठसा बनतो, ही मर्यादा.

सीसीटीव्ही: चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्याभरातच. म्हणून त्याच दिवशी मेल: "अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं, अमुक मजल्यावरचं चित्रण कृपया जपून ठेवावं." चित्रण तुम्हाला दाखवा असा हट्ट नको. त्यात इतर मुलं असतात, शाळा नकार देईल, आणि त्या वादात दिवस जातील. शाळेने जपावं आणि शाळेने पाहावं, एवढीच मागणी.

खडूफळा

शाळेच्या बाजूने लिहितो.

पहिला मेल वर्गशिक्षकांना. मुख्याध्यापकांकडे थेट गेलात तर ते वर्गशिक्षकांनाच विचारणार, आणि शिक्षक आधीच दुखावलेले असणार. फाटकापाशी गाठून बोलू नका. तीस मुलांना रांगेत सोडताना ऐकलेलं कोणाच्याही लक्षात राहत नाही, शिवाय ज्यांनी ऐकू नये ती मुलं तिथेच असतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. तिथे एकदा नाव आलं की दोन्हीकडचे पालक तट करून उभे राहतात, आणि बदनामीचा मुद्दा काढून मूळ तक्रार बाजूला पडते.

वर्गशिक्षकांना वगळून त्याच दिवशी वर जायचे प्रसंग वेगळे: इजा झालीय, हत्यार किंवा जिवाची धमकी आहे, लैंगिक स्वरूपाचं काही आहे, पैसे उकळले जातायत, किंवा त्रास देणारी व्यक्ती शिक्षक-कर्मचारीच आहे. यात मुख्याध्यापक, आणि गुन्हा असेल तर पोलीसही. शाळेची चौकशी संपायची वाट बघू नये.

मेल एका पानापेक्षा लांब नको. असा चालेल:

"विषय: इयत्ता सहावी, तुकडी ब, विद्यार्थ्याला वारंवार होणारा त्रास, भेटीची विनंती.

माझ्या मुलाला २ तारखेपासून आजपर्यंत चार वेळा त्रास दिला गेल्याचं त्याने सांगितलं आहे. घटना, तारखा आणि जागा सोबत जोडल्या आहेत. त्रास देणारी मुलं दोन असून ती त्याच्यापेक्षा एक इयत्ता पुढे आहेत. गेल्या आठवड्यापासून तो शाळेत पाणी पीत नाही आणि स्वच्छतागृहात जात नाही.

मला या आठवड्यात २०-३० मिनिटं भेटता येईल का? तोपर्यंत उद्यापासून मधल्या सुट्टीत पहिल्या मजल्यावर कोणाची तरी नजर असावी, आणि अडचण आल्यास त्याने कोणत्या शिक्षकांकडे जायचं हे त्याला सांगितलं जावं, ही विनंती. शाळेच्या छळविरोधी धोरणाची प्रतही मिळावी."

"गुंड", "संस्कार नाहीत", "त्याच्या आईबापांनाच" असलं काहीही लिहू नये. ही पत्रं पुढे समोरच्या पालकांच्या, कदाचित वकिलांच्याही डोळ्यांखालून जातात.

कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.

आडवाटकर

बाकी सगळं पटलं, पण एक विचारतो. समोरच्या मुलाचे पालक ओळखीचे असतील तर आधी त्यांच्याशीच का बोलू नये? अर्ज-मेल झाले की गोष्ट हाताबाहेर जाते. दोन घरांत मिटलं तर शाळेची गरजच काय?

खडूफळा

@आडवाटकर, मिटतं तेव्हा मिटतं, नाही म्हणत नाही. पण बहुतेक आईवडील पहिल्या क्षणी आपल्या मुलाची बाजू घेतात, ते स्वाभाविकही आहे. मग ते घरी मुलाला झापतात. तो दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाला गाठून म्हणतो, "घरी सांगितलंस काय?" आणि तोवर शाळेला काही ठाऊकच नसल्यामुळे त्या दिवशी कोणाचं लक्षही नसतं.

आडवाटकर

म्हणजे शाळेला सांगून मग बोललं तर चालेल?

निंबोणी

फारच चांगली ओळख असेल आणि प्रकार सौम्य असेल तर हो, शाळेला कळवून. बोलताना आरोप नको: "दोघांमध्ये काहीतरी बिनसलंय, तुमच्याकडे तो काय सांगतो?" एवढंच. पण त्यांच्या मुलाला रस्त्यात, बसथांब्यावर गाठून दम देणं कधीही नाही. मोठ्या माणसाने परक्या मुलाला धमकावलं अशी उलट तक्रार होते, आणि त्या क्षणी तुमची तक्रार संपते.

कलमबहाद्दर

सहमत. यावर उलट तक्रार झाली तर खुलासे करत बसण्यातच सत्र जातं.

वडाचीसावली

बैठकीबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा ना. तिथे गेल्यावर शब्दच सुचत नाहीत किंवा आवाज चढतो.

टिपणवही

दोघांनी जावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. एकटं जावं लागलं तर सुरुवातीलाच "मी टिपणं घेतोय, चालेल ना?" म्हणावं. टेबलावर घटनांचं एक पान ठेवायचं, एक प्रत त्यांना. पहिल्या पाच मिनिटांत घटना, मग मुलावरचा परिणाम, उरलेला सगळा वेळ "काय बदलणार" यावर. उलट केलंत, म्हणजे वीस मिनिटं संतापात गेली, तर शेवटच्या पाच मिनिटांत "बघतो आम्ही" पदरी पडतं.

लपवून आवाज रेकॉर्ड करायचा मोह टाळावा. काही ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि उघड झालं की शाळा तुमच्याशी फक्त कागदावर बोलते. त्यापेक्षा त्याच संध्याकाळी मेल करा: "आज ठरल्याप्रमाणे १) मधल्या सुट्टीत पहिल्या मजल्यावर देखरेख, उद्यापासून, २) दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलणं, शुक्रवारपर्यंत, ३) पुढची भेट १२ दिवसांनी. माझ्याकडून काही चुकीचं समजलं गेलं असेल तर कृपया कळवावं." शेवटचं वाक्य जरूर घाला. उत्तर आलं नाही तरी ठरलेल्या गोष्टी कागदावर राहतात.

निंबोणी

बैठकीत शाळा काय सुचवते तिकडेही लक्ष हवं. काही उपाय चांगल्या हेतूने केले जातात आणि अंगाशी येतात.

दोघांना समोरासमोर बसवून "माफी माग, हात मिळवा": भांडणात चालतं, छळात नाही. ताकदीतला फरक त्या खोलीतही असतो. त्रास सोसणारं मूल शिक्षकांसमोर "हो, मिटलं" म्हणतं, कारण दुसरं काही म्हणायची त्याची टाप नसते. स्पष्ट सांगा: दोघांशी वेगवेगळं बोला. त्रास देणारे अनेक असतील तर त्यांच्याशीही एकेकट्याने, लागोपाठ, म्हणजे मधल्या वेळेत सगळ्यांना एकच गोष्ट रचता येत नाही. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांची पद्धत अशीच एकेकाशी बोलण्यापासून सुरू होते. तीत दोषारोप न करता "त्याचं काही ठीक दिसत नाही, तू काय करू शकशील?" असं विचारतात. जमणारे शिक्षक असले तर उपयोगी, पण गंभीर मारहाणीत तेवढ्यावर भागवू नये.

तुमच्याच मुलाची जागा, बस किंवा तुकडी बदलणं: तातडीने एखाद-दोन दिवस ठीक. कायमचं केलं तर हलायचं कोणी, याचं उत्तर सगळ्या वर्गाला मिळतं.

"दुर्लक्ष कर" असा सल्ला: एकदा चिडवल्यावर ठीक. महिनाभर दुर्लक्ष करून झालेल्या मुलाला तोच सल्ला दिला की ते पुढे काही सांगतच नाही.

आणि बघे. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाचा "किवा" हा छळविरोधी कार्यक्रम सगळ्या वर्गाला धरून चालतो, तो याचसाठी. तिथल्या संशोधक क्रिस्तिना साल्मिवाली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की छळात दोनच पात्रं नसतात. हात देणारे, हसून चढवणारे, बाजूला सरणारे आणि मधे पडणारेही असतात. कॅनडातल्या शाळांच्या मैदानावरच्या चित्रीकरणावरून २००१ साली आलेल्या एका अभ्यासात, इतर मुलं मधे पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार १० सेकंदांत थांबला होता. म्हणून शाळेला विचारावं: "हसणाऱ्या त्या तिघांचं काय करणार?" त्या तिघांना हसू येईनासं झालं की उरलेल्या दोघांचा निम्मा उत्साह जातो.

कलमबहाद्दर

यात एक अपेक्षा कमी ठेवा: समोरच्या मुलावर काय कारवाई झाली हे शाळा बहुधा सांगणार नाही. ते टाळणं नव्हे, त्या मुलाच्याही खासगीपणाचा प्रश्न आहे. "त्याला काय शिक्षा केली?" ऐवजी "माझ्या मुलासाठी काय बदललं?" विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

"हे शाळेबाहेर, फोनवर घडलं, आमचा संबंध नाही" हेही नेहमीचं. तिथे वर्गातला परिणाम मांडा: गटात वर्गातलीच मुलं आहेत, सकाळी वर्गात तेच टोपणनाव ऐकू येतं, गटप्रकल्पात कोणी घेत नाही. गटात लिहिलेलं आवरायला शाळेचे हात बांधलेले असतील, वर्गात चाललेलं आवरायला नाहीत.

मोरपंखी

माझ्यासारख्या वाचणाऱ्यांच्या मनात आणखी एक असेल: मुलाने शेवटी उलट हात उचलला आणि शाळेने त्यालाच शिक्षा केली, तर?

खडूफळा

फार वेळा होतं. कारण उघड आहे: आधीचं सगळं नजरेआड, आणि हा फटका नेमका शिक्षकांसमोर. मारलं ते नाकारू नका, "त्याने बरोबरच केलं" असंही म्हणू नका. दोन वेगळी पत्रं करा. एकात त्या दिवसाच्या घटनेबद्दल जे खरं आहे ते मान्य. दुसऱ्यात आधीच्या घटना, तारखा, आणि पूर्वी कळवलं असेल तर त्या मेलची प्रत. एकाच पत्रात दोन्ही मिसळलं की सगळं समर्थनासारखं वाचलं जातं.

वडाचीसावली

आणि सगळं करूनही ढिम्म हललं नाही तर?

कलमबहाद्दर

वर्गशिक्षकांना पाच शाळेचे दिवस द्या. मग पर्यवेक्षक किंवा समुपदेशक, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचं व्यवस्थापन, आणि त्यानंतर शाळेवर देखरेख ठेवणारं शिक्षण खातं किंवा बालहक्कांसाठी नेमलेली यंत्रणा. प्रत्येक पायरीवर नवी कहाणी लिहू नका. पहिलं पत्र, आलेलं उत्तर, काय ठरलं आणि त्यातलं काय झालं नाही, एवढंच तारखांसह एका पानावर, बाकी जोडपत्र. वरचा अधिकारी आधी हेच बघतो की खालच्या पायरीला संधी दिली होती का.

शाळेचं लेखी धोरण मिळालं असेल तर त्यातल्याच शब्दांत लिहा. "धोरणात तीन दिवसांत पालकांना कळवावं असं आहे, आज अकरावा दिवस आहे" या वाक्याला उत्तर देणं अवघड जातं. छळ अपंगत्व, जात, धर्म, वंश किंवा लिंग यांवरून होत असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. अनेक देशांत अशा प्रकारांना वेगळे कायदे लागू होतात आणि शाळेची जबाबदारी वाढते.

पालक-शिक्षक संघाकडे वैयक्तिक प्रकरण नेऊ नये. "सुट्टीत जिन्यावर देखरेख नाही" असा सर्वांना लागू होणारा प्रश्न मात्र तिथेच न्यावा, कोणाचंही नाव न घेता.

निंबोणी

एक गोष्ट या सगळ्या पायऱ्यांच्या बाहेरची. मूल "जगावंसं वाटत नाही", "मी नसलेलं बरं" असं बोललं, किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर शाळेची प्रक्रिया बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा, मुलाला एकटं ठेवायचं नाही, औषधं आणि धारदार वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत. "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" असं थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. विचारावं.

आडवाटकर

उलट बाजू राहिली. शाळेतून फोन आला की आपलाच पोर दुसऱ्याला छळतोय, तर?

खडूफळा

फोनवर वाद नको. घटना, तारीख, जागा विचारून घ्या, म्हणजे वर तक्रारदाराला जे सांगितलं तेच. मुलाला "का केलंस?" विचारलं की सबबी ऐकू येतात. "काय झालं, मग काय झालं, तिथे आणखी कोण होतं?" विचारा. झोडपलंत तर ताकदवानाने दुबळ्याला मारायचं असतं हाच धडा घरी गिरवला जातो. परिणाम ठरावीक आणि त्या कृतीशी जोडलेला हवा: फोनवरून त्रास दिला तर फोन काही काळ देखरेखीखाली, वस्तू मोडली तर स्वतःच्या बचतीतून भरपाई. दोन आठवड्यांनी शाळेला आपणहून विचारा की फरक पडला का.

मोरपंखी

त्रास थांबल्यासारखा वाटला की पाठपुरावा कधी बंद करायचा?

टिपणवही

"आता कोणी काही बोलत नाही" याचे दोन अर्थ होतात. खरंच थांबलंय, किंवा मारहाण जाऊन वाळीत टाकणं सुरू झालंय, ज्यात बोट ठेवायला काही नसतं. तपासायला त्याच जुन्या खुणा वापरा: पाण्याची बाटली रिकामी येते का, रविवारी संध्याकाळी पोट दुखतं का, घरी येण्याचा रस्ता पुन्हा पूर्वीचा झाला का, सुट्टीत कोणाबरोबर होता याचं उत्तर एका नावात मिळतं का.

शाळेशी पहिली भेट दोन आठवड्यांच्या आत, दुसरी महिन्याने, दोन्हींच्या तारखा पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. लांब सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आणि नवी इयत्ता सुरू होतानाचे दिवस हमखास निसटतात, कारण देखरेखीच्या पाळ्या बदललेल्या असतात आणि नव्या वर्गशिक्षकांना मागचं काहीच माहीत नसतं. वर्ष संपायच्या आत जुन्या वर्गशिक्षकांना मेल करून दोन गोष्टी मागा: त्या मुलांची आणि आपल्या मुलाची तुकडी व बस वेगळी ठेवता येईल का, आणि ठरलेल्या उपायांचं टिपण नव्या वर्गशिक्षकांकडे गेलं का. तुकड्यांच्या याद्या लागल्यावर मागितलं तर "आता बदलता येत नाही" हे उत्तर ठरलेलं, म्हणून शेवटच्या परीक्षेआधीच लिहा.